बर्फात एक रात्र काढायचीय, पण कुठं?

दोस्तांनो, आज गोष्ट नाही, कोडं आहे. चार ठिकाणं सांगतो, त्यातलं एक तुम्ही निवडायचं. पेन्सिल हाताशी असू द्या आणि आईबाबा घरात असतील तर त्यांनाही बोलावा. या कोड्यात शेवटी भांडण त्यांच्याशीच होणार आहे.

समजा, तुमचे काका अमेरिकेत बॉस्टनला राहतात. (हे अगदीच 'समजा' नाही. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिकडे असतंच.) फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते, आणि तुम्ही नेमके तेव्हा तिथं पोचलेले आहात. काका म्हणतात, "इथं येऊन नुसता बर्फाचा गोळा करून फेकायचा आणि परत जायचं? छे! आपण स्नोशू घालून डोंगरात जाऊ आणि एक रात्र तिथंच राहू."

मंडळी कोण कोण? काका, काकू, पंधरा वर्षांचा चुलतभाऊ म्हणजे दादा, तेरा वर्षांची ताई, तुम्ही, आणि तुमचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ. या धाकट्याला विसरू नका. सगळं कोडं त्याच्याभोवती फिरणार आहे.

आधी स्नोशू म्हणजे काय ते बघू. याला मराठीत सुटसुटीत शब्द नाही, कारण आपल्याला तो कधी लागलाच नाही. बर्फातल्या पादुका म्हणा हवं तर. ताजा पडलेला बर्फ कापसासारखा भुसभुशीत असतो. नुसते बूट घालून त्यावर पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत! तो उपसून काढायचा, दुसरा टाकायचा, तोही आत. शंभर पावलांत माणूस घामाघूम होतो. आता गणित करा. बुटाचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर. तुमचं वजन ५० किलो असेल, तर एका पायावर उभं राहिल्यावर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलो भार पडला. पायाखाली ६० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद अशी जाळी किंवा पत्रा बांधला, तर क्षेत्रफळ झालं सुमारे १२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे भार एकदम एक षष्ठांशावर आला. तरी पाय थोडासा रुततोच, पण घोट्यापर्यंत, मांडीपर्यंत नाही. भाताच्या खाचरात चिखलावर फळी टाकून चालतात ना, तीच युक्ती.

ही युक्ती किती जुनी आहे माहीत आहे? इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या एका हिमनदीत २००३ साली बर्चच्या लाकडाचा एक स्नोशू सापडला. त्याचं वय काढलं तेव्हा तो इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० च्या दरम्यानचा निघाला! म्हणजे साडेपाच हजार वर्षांहून जुना. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी तर ही कला टोकाला नेली. ॲश झाडाचं लाकूड वाफेवर वाकवायचं आणि त्यात हरणाच्या किंवा कॅरिबूच्या कच्च्या चामड्याच्या वाद्या विणायच्या. दाट झाडीत वळायला सोपे असे गोल 'अस्वलपंजे', मोकळ्या माळावर लांब शेपटीचे. आजचे स्नोशू ॲल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे असतात आणि कडक बर्फात रुतायला खाली पोलादी दात असतात.

तिथल्या जंगलातल्या एका सशाला तर निसर्गानंच स्नोशू दिलेत. मागचे पंजे एवढे मोठे आणि केसाळ, की तो बर्फावरून अलगद पळतो. त्याचं नावच 'स्नोशू हेअर'. हिवाळ्यात तो पांढरा होतो आणि उन्हाळ्यात तपकिरी. दिसला नाही तरी त्याच्या पावलांचे ठसे नक्की दिसतील. मागची मोठी पावलं पुढं उमटलेली असतात, बरं का! उडी मारताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढं पडतात म्हणून.

चला, आता नकाशा पसरू. बॉस्टनच्या उत्तरेला दोन-अडीच तासांच्या अंतरावर न्यू हॅम्पशायर राज्यात 'व्हाइट माउंटन्स' नावाचे डोंगर आहेत. फार उंच नाहीत. सगळ्यांत उंच शिखर माउंट वॉशिंग्टन, १९१७ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. फरक फक्त पावणेतीनशे मीटरचा! हे वाचून तुमच्यातल्या निम्म्या जणांनी मनातल्या मनात वॉशिंग्टनवर झेंडा रोवला असेल. थांबा जरा.

घरातल्या चौघांनी चार ठिकाणं सुचवली.

दादा म्हणाला, "वॉशिंग्टनच! पिंकम नॉच नावाच्या खिंडीतून वर गेलं की जवळजवळ चार किलोमीटरवर हर्मिट लेकपाशी लाकडी निवारे आहेत. तिथं झोपू आणि सकाळी टकरमन रॅव्हिन बघू." हे निवारे म्हणजे तीन भिंती आणि एक छप्पर. चौथी भिंत नाही.

ताईनं फ्रँकोनिया कड्याचा फोटो दाखवला. लाफायेत शिखराकडं जाणारी धार, दोन्ही बाजूंना दरी, सगळं पांढरंशुभ्र. "वाटेत ग्रीनलीफ हट आहे. तिथं राहू."

काकांनी झीलंड फॉल्स हट सुचवली. धबधब्याशेजारची लाकडी धर्मशाळा, हिवाळ्यातही उघडी. वाट जवळजवळ सपाट, पण लांब. हिवाळ्यात झीलंडचा रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यामुळं मोठ्या रस्त्यावर गाडी ठेवून एकंदर दहा किलोमीटर चालायचं.

काकू म्हणाल्या, "लोनसम लेक." फ्रँकोनिया खिंडीतून २.६ किलोमीटर, चढ तीनशे मीटर. डोंगराच्या कुशीत एक तळं, आणि काठाशी हट. हीही हिवाळ्यात उघडी असते.

"शी! अडीच किलोमीटर? एवढं तर आम्ही शाळेत चालत जातो," दादा म्हणाला.

लिहा तुमचं उत्तर. लिहिलंत? मग पुढं वाचा.

ताईचा बेत सगळ्यांत लवकर बाद होतो, म्हणून तो आधी. ग्रीनलीफ हट हिवाळ्यात बंद असते. दाराला कुलूप. फोटो उन्हाळ्यातला होता की हिवाळ्यातला हे बघून चालत नाही. 'आज' उघडं आहे का, हे विचारावं लागतं. व्हाइट माउंटन्समध्ये अशा आठ हट आहेत. १८७६ साली स्थापन झालेला ॲपलेशियन माउंटन क्लब त्या चालवतो. त्यातल्या मोजक्याच थंडीत उघड्या असतात, आणि शनिवार-रविवारच्या जागा आधीच भरून जातात. आपल्याकडेही हेच की! गडावर गुहा आहे असं कुणीतरी सांगतं, आपण रात्री आठला पोचतो आणि गुहेत आधीच तीस जण झोपलेले असतात.

आता दादाचा वॉशिंग्टन.

या डोंगराची उंची फसवी आहे. तिथं झाडांची हद्द सुमारे १४०० मीटरवरच संपते. हिमालयात झाडं त्याच्या दुपटीहून जास्त उंचीपर्यंत वाढतात. वॉशिंग्टनवर झाडांना हाकलतो तो वारा. १२ एप्रिल १९३४ ला या शिखरावरच्या वेधशाळेत वाऱ्याचा वेग मोजला गेला ताशी ३७२ किलोमीटर! १९९६ साली ऑस्ट्रेलियाच्या एका बेटावर चक्रीवादळात ४०८ नोंदला जाईपर्यंत जगातला तोच विक्रम होता. वर्षातले शंभराहून जास्त दिवस इथं ताशी १२० किलोमीटरच्या वर वारा वाहतो. आणि ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तापमान उतरलं उणे ४४ अंशांवर. वाऱ्यासकट ते अंगाला जाणवलं असतं उणे ७८ अंश. अशा थंडीत उघडी कातडी काही मिनिटांतच गोठते.

हर्मिट लेक शिखराच्या बरंच खाली, झाडीत आहे, हे खरं. अनुभवी माणसं तिथं हिवाळ्यात मजेत राहतात. पण त्याच्या वरचे उतार बर्फाचे कडे कोसळण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. कोसळणारे उतार बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांचे असतात. फार सपाट असेल तर बर्फ घसरत नाही, फार उभा असेल तर साठत नाही. मधलाच उतार धोक्याचा, आणि गंमत म्हणजे घसरगुंडी खेळायला नेमका तोच सगळ्यांना आवडतो! म्हणूनच या डोंगरासाठी हिमकड्यांचा धोका सांगणारं एक स्वतंत्र केंद्र आहे. ते हिवाळ्यात रोज सकाळी अंदाज देतं.

आता एक खरी घटना सांगतो. ती १९८२ च्या जानेवारीतली आहे.

ह्यू हर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा वीस वर्षांचा मित्र वॉशिंग्टनवर बर्फाची भिंत चढायला गेले. ह्यू साधासुधा गिर्यारोहक नव्हता. एवढ्या लहान वयात तो अमेरिकेतल्या उत्तम कडेचढूंमध्ये गणला जात होता. वजन कमी व्हावं म्हणून दोघांनी झोपायची पिशवी वगैरे सामान खालीच ठेवलं. भिंत चढून झाली. मग शिखर जवळच आहे, थोडं पुढं जाऊ, असं वाटलं. वर वादळ होतं. पांढऱ्या धुक्यात दिशा चुकली आणि ते डोंगराच्या भलत्याच बाजूला, 'ग्रेट गल्फ' नावाच्या निर्मनुष्य दरीत उतरले. तीन रात्री त्यांनी तिथं काढल्या. फांद्या अंगावर ओढून, एकमेकांना बिलगून.

खाली शोध सुरू झाला. शोधपथकात अल्बर्ट डाऊ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा स्वयंसेवक होता. २५ जानेवारीला मुलांना शोधताना तो हिमकड्याखाली सापडला आणि मरण पावला. ही मुलं त्याच्या ओळखीचीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्नोशू घालून फिरायला निघालेल्या एका बाईला बर्फात विचित्र, वेडीवाकडी पावलं दिसली. हे ठसे कुणाचे म्हणून ती मागोमाग गेली, आणि दोघं सापडले. जिवंत! पण ह्यूचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. त्याच्या मित्रालाही एक पाय आणि काही बोटं गमवावी लागली.

पुढं ह्यूनं स्वतःसाठी कृत्रिम पाय बनवले आणि त्यांवर तो पुन्हा कडे चढू लागला. आज तो बॉस्टनजवळच्या एमआयटी या विख्यात संस्थेत प्राध्यापक आहे आणि मोटर व संगणक बसवलेले पाय तयार करतो. त्याची गोष्ट अनेकदा सांगितली जाते. डाऊची मात्र कमी सांगितली जाते, म्हणून मुद्दाम लिहिली. डोंगरात जागा निवडताना 'मला काय होईल' एवढाच प्रश्न नसतो. आपल्याला शोधायला कुणाला कुठं यावं लागेल, हाही असतो. न्यू हॅम्पशायरच्या कायद्यात तर निष्काळजीपणा केला असेल तर शोधमोहिमेचा खर्च त्या माणसाकडून वसूल करायची तरतूद आहे. पण पैशानं सगळं भरून निघत नाही.

तर दादा, वॉशिंग्टन नाही. निदान या वर्षी, या मंडळींबरोबर तर नाहीच. आईबाबा या ठिकाणी मान डोलावत असतील. डोलावू द्या.

राहिले दोन. झीलंड आणि लोनसम लेक. खरं कोडं इथं आहे, कारण दोन्ही जागा चांगल्या आहेत.

झीलंडच्या बाजूनं खूप काही आहे. चढ सौम्य. वाट बराचसा भाग जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाते. या जंगलात रेल्वे कशाला आली? लाकूड न्यायला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथली झाडं इतकी तोडली गेली आणि नंतर अशा आगी लागल्या, की सगळं खोरं काळंठिक्कर पडलं होतं. लोक हळहळले, आरडाओरडा झाला, १९११ साली कायदा झाला, सरकारनं जमिनी विकत घेतल्या आणि १९१८ मध्ये व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन जाहीर झालं. आज तिथं चालताना बर्च आणि स्प्रूसच्या दाटीत हे कुणाला सांगूनही खरं वाटत नाही. दाट झाडी आणि मंद उतार असल्यामुळं या वाटेवर कडा कोसळायची भीतीही फारशी नाही. माझं मत विचाराल तर दोघांत झीलंडच जास्त सुंदर.

पण आता घड्याळ काढा.

बॉस्टनहून सकाळी सहाला निघालात, साडेआठला पोचलात. बूट, स्नोशू, पिशव्या बांधण्यात अर्धा तास जातोच (धाकट्याला ऐन वेळी शू लागते, ते धरून). नऊला चालायला सुरुवात. बर्फ दाबून घट्ट झालेला असेल, आधीच्या लोकांनी वाट मळलेली असेल, तर मुलांबरोबर ताशी दोन किलोमीटर. दहा किलोमीटरला पाच तास. खाणं, थांबणं, हातमोजे हरवणं आणि सापडणं धरून सहा. म्हणजे दुपारी तीन. ठीक आहे, कारण त्या दिवसांत सूर्य सव्वापाचच्या सुमाराला मावळतो.

पण रात्री नवा बर्फ पडला असेल तर? मग पुढच्या माणसाला वाट फोडत जावं लागतं. तो दमला की बाजूला होतो, सगळ्यांत मागं जातो, दुसरा पुढं येतो, बगळ्यांच्या माळेसारखं. वेग येतो ताशी सव्वा किलोमीटरवर. दहाला सव्वानं भागा. आठ तास! थांबे न धरताच संध्याकाळचे पाच. अंधार, घामानं ओले झालेले कपडे आणि नऊ वर्षांचा भाऊ रस्त्यात बसलेला. तिथून मागं फिरायचं तरी किती? तेवढंच, किंवा जास्त.

लोनसम लेकचं गणित करा. २.६ किलोमीटर, चढाचा रस्ता. चांगल्या बर्फात दोन तास, ताज्या बर्फात तीन, फार तर साडेतीन. नऊला निघालात तर अगदी वाईट दिवशीही जेवणाच्या वेळेला पोचता. आणि रात्री कुणाला ताप आला, पोट बिघडलं, तर गाडी तास-दीड तासावर, तीही उताराच्या दिशेला.

बर्फात ठिकाण निवडताना लांबी वाचायची ती अशी, सगळ्यांत लहान माणसाच्या पायांनी आणि सगळ्यांत वाईट दिवसाच्या हवेत. दादाला अडीच किलोमीटर कमी वाटले, कारण त्यानं ते स्वतःच्या पायांनी मोजले, तेही शाळेच्या डांबरी रस्त्यावर!

थंडी माणसाला एकदम गाठत नाही, हळूहळू गाठते. आधी कुडकुडायला होतं. तोवर बरं, शरीर झगडत असतं. पण मग हातातून वस्तू निसटायला लागतात, पाय अडखळतात, जीभ जड होते, आणि माणूस उगीचच चिडतो. "मला नको विचारूस, मी ठीक आहे," असं एखादा वसकन् ओरडला, की समजा तो ठीक नाही. लगेच थांबायचं, कोरडे कपडे, गोड खाणं, गरम पेय. धाकटा भाऊ तर सांगणारच नाही, कारण त्याला तुमच्यासमोर रडायचं नसतं. म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम तुमचं. काकांचं नाही, तुमचं. तो तुमच्याशीच बोलेल.

मग लोनसम लेक ठरलं म्हणायचं? थांबा, दादाची तक्रार राहिली. "बारा वाजता पोचून करायचं काय?"

अहो, तेवढ्यासाठीच तर गेलो ना! तळं गोठलेलं असतं. पलीकडं ताईची लाडकी फ्रँकोनिया धार जशीच्या तशी दिसते, लाफायेतसकट. फोटोत होती त्याहून मोठी, आणि तिथला वारा आपल्याला लागत नाही. तळ्यावर जाण्याआधी हटच्या रखवालदाराला विचारायचं, आणि जिथं ओढा तळ्यात शिरतो किंवा बाहेर पडतो तिथं पाऊल टाकायचं नाही. वाहत्या पाण्यावरचा बर्फ पातळ असतो. झाडीतही एक खोडसाळपणा असतो. छोट्या स्प्रूसच्या भोवती, फांद्यांच्या खाली पोकळी राहते आणि वरून बर्फ सारखा दिसतो. मळलेली वाट सोडून तिथं गेलात की कमरेपर्यंत आत! स्नोशू फांद्यांत अडकतो आणि बाहेर यायला दोघांची मदत लागते.

करडे 'जे' पक्षी भेटले तर तेही धीट असतात, हातातल्या शेंगदाण्यासाठी जवळ येतात. याच खिंडीत पूर्वी कड्यावर एका म्हाताऱ्याचा दगडी चेहरा दिसायचा. राज्याच्या नाण्यावरसुद्धा तो होता. ३ मे २००३ ला तो कोसळून पडला. लोक तिथं फुलं घेऊन आले होते म्हणे, एखादं माणूस गेल्यासारखे.

आता रात्र. हट म्हणजे हॉटेल नव्हे, हे काकूंनी आधीच बजावलेलं असेल. हिवाळ्यात स्वयंपाकघर आणि भांडी मिळतात, पण शिधा आपला. शेगडी मधल्या खोलीत, तीही संध्याकाळी काही तासच पेटते. झोपायच्या खोल्यांत ऊब नाही. बाहेर उणे पंधरा असेल तर आतही पाणी गोठतं. म्हणून प्रत्येकाला थंडीची जाड स्लीपिंग बॅग हवी. कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती बनियन मुळीच नाही! सुती कापड घाम पितं आणि वाळत नाही. बर्फात ते अंगाला गारेगार फडकं होऊन बसतं.

काही बारीकसारीक युक्त्या तिथली मुलं सांगतात. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवायची. पाणी वरून गोठायला लागतं, म्हणजे झाकणाकडं ते पातळच राहतं. झोपताना बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, ती स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्यायची. उद्याचे मोजे आणि हातमोजेही आत. निजण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाची एक वडी खायची, पोटातली भट्टी रात्रभर चालू राहते. संक्रांतीचे तिळाचे लाडू उरले असतील तर ते याच कामासाठी बनवलेत असं वाटेल. आणि रात्री शू लागली तर 'सकाळी जाऊ' म्हणत कुडकुडत पडायचं नाही. उठायचं, जायचं, यायचं. झोप लगेच लागते.

आणखी एक काम निघायच्या आदल्या दिवशी करायचं. कागदावर लिहायचं, कुठं जातोय, कोणत्या वाटेनं, किती जण, गाडी कुठं उभी केलीय, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. हा कागद जे घरी राहतात त्यांच्याकडं द्यायचा. त्याच कागदावर मागं फिरायची वेळही लिहा. 'दुपारी एक वाजेपर्यंत हट दिसली नाही तर परत.' ही वेळ घरी, गरम चहा पिताना ठरवायची असते. वाटेत ठरवायला गेलं की दादाचं घड्याळ नेहमी दहा मिनिटं मागं असतं!

आणि शुक्रवारी संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघायचा. मोठं वादळ येतंय असं दिसलं तर? मग पाचवं ठिकाण आहेच, काकांच्या घरामागचं अंगण. हसू नका. तिथली कितीतरी पोरं पहिली बर्फातली रात्र अंगणातच काढतात. तंबू, स्लीपिंग बॅग, सगळं तेच. आणि रात्री दोन वाजता हार मानली तर स्वयंपाकघराचं दार वीस पावलांवर.

झीलंड पुढच्या वर्षी. तोवर धाकटा दहाचा होईल.

आता तुमच्यासाठी दुसरं कोडं, घरच्या अंगणातलं. महाराष्ट्रातली बरीच मुलं आणि त्यांचे पालक हल्ली डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडात केदारकांठ्याला बर्फ बघायला जातात. सांकरी गावातून वाट सुरू होते, सुमारे दोन हजार मीटरवरून. शिखर ३८०० मीटरच्या आसपास. वरचे सगळे प्रश्न तिथं लागू आहेतच, पण एक प्रश्न व्हाइट माउंटन्समध्ये कुणाला पडतच नाही आणि इथं पहिल्याच दिवशी पडतो. अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते. भराभर चढलं तर डोकं दुखतं, मळमळतं, आणि तरीही चढत राहिलं तर जिवावर बेततं. मग मुक्काम किती आणि कुठं कुठं टाकायचे? पहिल्या दिवशी किती चढायचं? आणि धाकट्यानं रात्री "डोकं दुखतंय" म्हटलं, तर सकाळी वर जायचं की खाली?

नकाशा काढा, उंचीचे आकडे लिहा आणि तुमचा बेत आम्हांला पाठवा. आईबाबांची सही हवी, हं!